बाल्टिमोरच्या बंदरांतील एक हिंवाळा

पुण्याच्या आमच्या वडिलोपार्जित घरांत अजून तीन भावांचीं कुटुंबें एका पंक्तीस जेवतात. त्या घरांतून आम्ही उभयतां तरुणपणीं अमेरिकेस गेलों, तेथें नोकरी केली, मुलीचें शिक्षण व लग्नकार्य उरकलें, आणि निवृत्त झाल्यावर राहतें घर विकून एका ३६ फुटी शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड केलें. ही गोष्ट आप्तांपैकीं कोणासच फारशी रुचली नव्हती. "उतारवयांत माणसें काशीयात्रेस जातात, हीं दोघें पाण्यांत जाऊन बसलीं," असें आमच्या थोरल्या वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत. पुढें २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पत्नीस मोठ्या आंतड्याचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें, आणि तिचे सहा महिन्यांचे औषधोपचार आम्हीं त्याच नौकेवर राहून पार पाडले. तेव्हांपासून पुष्कळांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारले: हें केलें तरी कसें, आणि केलें तरी कशासाठीं? त्या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें या लेखांत यथामति देण्याचा विचार आहे.

प्रथम स्थलाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. बाल्टिमोर शहर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड संस्थानांत, पटॅप्स्को नदीच्या मुखाजवळ वसलें आहे. ही नदी ज्यास मिळते तो चेसापीक उपसागर सुमारें २०० मैल लांब आहे. परंतु त्याची सरासरी खोली अवघी २१ फूट. लहानमोठ्या दीडशेंवर नद्या-ओढे त्यांत येऊन पडतात. त्यामुळें वरच्या टोकाचें पाणी जवळजवळ गोडें, समुद्राकडील टोकाचें खारट, आणि मधलें मचूळ. बाल्टिमोरच्या धक्क्यावर भरती-ओहोटींतील अंतर जेमतेम एक फुटाचें असतें. आमच्या पत्नीचें माहेर दाभोळच्या खाडीकांठचें. ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखल तुडवून तर गांठावयाची आणि शाळेस जावयाचें, हा तिचा लहानपणचा परिपाठ. येथील पाण्याची ती हालचाल पाहून तिला पहिल्या दिवशीं हसूं आलें. "हा समुद्र श्वासच घेत नाहीं!" असें ती म्हणाली. आमचा स्वतःचा पाण्याशीं संबंध म्हणाल तर मुठेचा कालवा आणि टिळक तलाव यांपलीकडे गेलेला नव्हता. नौकेची हौस तिची. आम्ही तिचे खलाशी.

बंदराचा जो जुना भाग आहे त्यास फेल्स पॉइंट म्हणतात. फरसबंदीचे अरुंद रस्ते, विटांचीं चिंचोळीं घरें आणि त्यांच्या दारांशीं पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या, अशी येथली जुनी वस्ती. एके काळीं येथील गोद्यांत बांधलेलीं चपळ शिडाचीं जहाजें जगभर नांवाजलेलीं होतीं. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरींत जन्मलेला व पुढें जगद्विख्यात झालेला वक्ता याच गोद्यांत जहाजांच्या फटी बुजविण्याचें काम करी. १८३८ सालीं खलाशाच्या वेषांत येथूनच आगगाडींत बसून तो स्वतंत्र झाला. १८५४ सालीं बांधलेली 'कॉन्स्टेलेशन' नांवाची शिडाची युद्धनौका अद्याप धक्क्यास बांधलेली आहे. ओढ्यावाटें येणारा शहराचा केरकचरा बंदरांत शिरूं नये म्हणून २०१४ सालीं पाण्याच्या चाकावर व सूर्यप्रकाशावर चालणारें एक यंत्र बसविलें आहे. त्यास लोकांनीं दोन मोठे बटबटीत डोळे लावले असून तें सर्व गांवाचें लाडकें झालें आहे. समोरच्या तीरावर साखरेचा कारखाना आहे. तो १९२२ पासून चालत आला असून त्याच्या माथ्यावरील तांबड्या अक्षरांची प्रचंड पाटी रात्रीं सगळ्या पाण्यावर लाल उजेड पाडते. वारा त्या बाजूचा असला म्हणजे काकवीचा वास येई, आणि पत्नी म्हणे, "आज गुऱ्हाळ लागलेलें दिसतें."

नौका म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें श्रीमंतांची चैन उभी राहील, म्हणून तिचें खरें स्वरूप सांगतों. पुण्यांतील मध्यम स्वयंपाकघराएवढ्या जागेंत आमचा सगळा संसार मावलेला होता. नाळेकडे निजण्याची त्रिकोणी जागा, मध्यें बसाउठावयास दोन बांक व एक मेज, एका कोपऱ्यांत दोन शेगड्यांची चूल, दुसऱ्या कोपऱ्यांत नकाशे ठेवण्याचें फडताळ, आणि त्याच फडताळावर एका बाजूस देव. लाटेनें देव पडूं नयेत म्हणून त्यांच्यापुढें एक लांकडी पट्टी ठोकलेली होती. आमच्या धक्क्यावर अशीं दहाबारा बिऱ्हाडें हिंवाळ्यांतही राहत असत. शेजारधर्म तेथें वाड्यासारखाच होता. कोणाची दिवाबत्ती रात्रीं उशिरापर्यंत चालू दिसली तर सकाळीं विचारपूस होई.

आतां दुखण्याचें. येथें आमची एक चूक आम्हांस प्रांजळपणें कबूल केली पाहिजे. मोठ्या आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी वयाच्या ४५ व्या वर्षापासूनच सुरू करावी, अशी शिफारस अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०२१ सालीं केली. आम्ही तर दोघेंही साठीच्या पलीकडे गेलेलीं. डॉक्टरांनीं पत्नीस त्याच वर्षीं सांगितलें होतें. परंतु दर वर्षीं ऑक्टोबर उजाडला कीं थंडी चुकविण्यासाठीं किनाऱ्यालगतच्या आंतल्या जलमार्गानें दक्षिणेकडे जाण्याचा आमचा क्रम. "परत आल्यावर करूं," असें पहिल्या वर्षीं ती म्हणाली. दुसऱ्या वर्षीं तिला थकवा वाटूं लागला होता आणि रक्तही कमी भरलें होतें. तेव्हां "परत आल्यावर करूं" असें म्हणणारे आम्ही होतों. रोग सांपडला तेव्हां तो आंतड्याची भिंत ओलांडून लगतच्या गाठींत पोंचलेला होता. वाचकांच्या घरांतही वडीलधारीं माणसें असतील. शौचावाटें रक्त जाणें, कारण न कळतां रक्त किंवा वजन कमी होणें, शौचाच्या संवयींत एकाएकीं पालट पडणें, या गोष्टी लाजेनें झांकून ठेवूं नयेत व दुसऱ्यानेंही त्यांस हलकें लेखूं नये, एवढी आमच्या अनुभवावरून विनंति आहे.

सप्टेंबरांत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर महिनाभर आम्ही रुग्णालयाजवळ भाड्याच्या एका खोलींत राहिलों. मुलगी दूरच्या गांवाहून येऊन मदतीस राहिली होती, पण तिला नोकरी व तान्हें मूल सोडून किती दिवस राहतां येणार? पुण्याहून दादांचा व वहिनींचा रोज दूरध्वनि येई. "भावजी, तिला घेऊन सरळ घरीं या. उपचार येथेंही उत्तम होतात, आणि करावयास चार माणसें घरांत आहेत." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमचेंही मन तिकडेच झुकत होतें. परंतु पत्नी ऐकेना. ती म्हणाली, "वहिनींचें माझ्यावर किती प्रेम आहे तें मी जाणतें. पण घरांत गेलें कीं मी दुखणेंकरी होईन; माझ्या हातीं कोणी विळी देणार नाहीं. नौकेवर मला कामें आहेत. अहो, तेथें मला झोंप तरी येते." त्या खोलींत ती खरोखरच रात्र रात्र जागी असे. पाणी हलत नाहीं म्हणून झोंप येत नाहीं, अशी तिची तक्रार होती. डॉक्टरांस विचारलें. त्यांनीं घातलेल्या अटी मोजक्या होत्या: धक्का सोडून जावयाचें नाहीं, रुग्णालय वीस मिनिटांच्या आंत असलें पाहिजे, नौकेंत ओल व बुरशी राहतां कामा नये, आणि ताप १००.४ अंशांवर गेला कीं दिवस असो वा रात्र, एक क्षणही न दवडतां यावयाचें. या शेवटच्या अटीकडे आम्हीं द्यावें तितकें लक्ष दिलें नाहीं, तें पुढें सांगतों.

उपचाराची रीत अशी होती. दर पंधरा दिवसांनीं एक फेरी, अशा बारा फेऱ्या. गळ्याच्या हाडाखालीं कातडीच्या आंत एक लहानशी डबी बसवितात. तिच्यांतून औषध थेट मोठ्या शिरेंत जातें. तिला तेथें 'पोर्ट' म्हणतात. त्यावर पत्नी म्हणे, "चला, एक बंदर माझ्याही अंगांत झालें." रुग्णालयांत खुर्चीवर बसून दोन-तीन तास ऑक्झॅलिप्लॅटिन नांवाचें औषध घ्यावयाचें, आणि मग ४६ तास पुरेल असा दुसऱ्या औषधाचा एक लहान पंप कमरेस लावून घरीं यावयाचें. तो पंप रात्रभर सूक्ष्म आवाज करी. नौकेवर मनुष्य निजला तरी त्याचा एक कान जागा असतो. कोणता आवाज दोरांचा, कोणता पाण्याचा आणि कोणता यंत्राचा, हें झोंपेंतही कळतें. त्यांत या नव्या आवाजाची भर पडली. दोन रात्रींनंतर पंप काढला कीं ती शांतता आम्हांस फार मोठी वाटे.

या औषधांचा अंश दोन दिवस रुग्णाच्या शरीरांतून बाहेर पडत असतो. म्हणून शौचकूपाचें झाकण लावून दोनदा पाणी सोडावें, कपडे वेगळे धुवावे, असे नियम आहेत. घरांत हें सोपें आहे. नौकेवर मैल्याची टांकी लहान असते, आणि ती पाण्यांत रिकामी करण्यास कायद्यानें बंदी. एक मोठी होडी आठवड्यानें येऊन ती टांकी उपसून नेई. दोनदा पाणी सोडल्यानें टांकी निम्म्या वेळांत भरूं लागली, व बर्फ धरलें कीं ती होडी येईना. मग त्या दोन दिवसांपुरती धक्क्यावरील स्नानगृहांत जाण्यायेण्याची तिनें स्वतःच शिस्त लावून घेतली. अशा गोष्टी लेखांत लिहावयाच्या नसतात हें आम्ही जाणतों. परंतु आजारपणाचा निम्मा भार याच गोष्टींचा असतो, आणि ज्यांनीं कोणाची शुश्रूषा केली आहे ते आम्हांस दोष देणार नाहींत.

त्यांतून हिंवाळा. ऑक्झॅलिप्लॅटिनचा एक विचित्र गुण असा कीं, तें घेतल्यावर थंडीचा स्पर्श सहन होत नाहीं. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. गार वस्तूस बोट लागलें तर कांचेचे कण टोंचल्यागत कळ येते. आणि नौका म्हणजे काय? सारी धातूची वस्ती! कठडे पोलादाचे, दोर गुंडाळण्याचीं चाकें पोलादाचीं, पायऱ्यांच्या कडा धातूच्या. आमच्या संसारांतले पेले, वाट्या, चमचे, तेही पोलादाचे. पहिल्या फेरीनंतर तिनें संवयीनें पाण्याचा पेला उचलला आणि तो हातांतून निसटला. त्या दिवशीं आम्हीं सगळीं भांडीं बासनांत बांधून ठेवलीं. लांकडी चमचे व मातीचे पेले आणले, कठड्यांस जुनीं धोतरें फाडून गुंडाळलीं, आणि जिन्याच्या दांडीस तिच्या एका जुन्या लुगड्याचा पदर शिवला. शेजारचा एक वृद्ध गृहस्थ अनेक वर्षें बंदरांतील ओढनौकेवर कामास होता. त्यानें तें पाहून विचारलें, "हा कोणता सण?" पत्नी म्हणाली, "थंडीस नेसविलें आहे."

डिसेंबरांत धक्क्यावरील नळ बंद होतात, कारण पाणी गोठून नळ फुटतात. मग एक लांब रबरी नळी पाण्याच्या बुडाशीं सोडलेली असते. तेथलें पाणी गोठत नाहीं. तिच्यावाटें पाळीपाळीनें सर्व नौकांनीं आपल्या टांक्या भरावयाच्या. एकदां टांकी भरली कीं दहा दिवस पुरवावयाची. सर्व नौकेवर पारदर्शक जाड कापडाचा मांडव घालतात. ऊन पडलें कीं त्या मांडवाखालीं चैत्रासारखी ऊब येई, आणि तिची आरामखुर्ची तेथेंच असे. रात्रीं मात्र श्वासाची वाफ भिंतींस लागून तिचें पाणी होई. रोज सकाळीं गादी उचलून खालची फळी पुसावयाची, कोनाकोपरे कोरडे करावयाचे, हें काम आम्हीं एकही दिवस चुकविलें नाहीं. आयुष्यांत केर न काढलेल्या मनुष्यास साठीनंतर तें शिकावें लागलें, आणि त्याचें समाधान काय असतें हेंही तेव्हांच कळलें.

जानेवारीच्या मध्यास बर्फ पडलें. सहावी फेरी होऊन नऊ दिवस झाले होते. औषधानंतर सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तांतील पांढऱ्या पेशी फार उतरतात, आणि मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. रात्रीं नऊस ताप पाहिला, १००.२ भरला. दहास पाहिला तों १००.६. अट स्पष्ट होती. परंतु बाहेर किर्र काळोख, धक्क्यावर बर्फाचा गुळगुळीत थर, ती नुकतीच डोळा लागून निजलेली. आम्हीं मनाशीं म्हटलें, शेगडी फार तापली आहे, अंगावर दोन रजया आहेत, त्याचीच ही ऊब असेल. पाऊण तास वाट पाहिली. पुन्हां पाहिलें तेव्हां १०१.५ होता, आणि तिला हुडहुडी भरली होती.

त्या पाऊण तासाचा हिशेब आम्हीं अजून चुकता केलेला नाहीं. शेजाऱ्याच्या नौकेवर थाप मारली. तो म्हातारा एक शब्द न बोलतां मिठाची गोणी घेऊन बाहेर आला आणि पुढें पुढें मीठ टाकीत चालला. सामान वाहण्याची एक दुचाकी हातगाडी धक्क्यावर असते, तींत रजया पसरून तिला बसविलें व दोघांनीं मिळून ती ओढली. रस्त्यापर्यंतचें अंतर दोनशें पावलांचें असेल. वाटेंत ती ग्लानींतच म्हणाली, "धान्याच्या पोत्यासारखी चाललें मी." आम्हांस हसतां आलें नाहीं.

रुग्णालयांत पोंचतांच रक्त घेतलें आणि निकालाची वाट न पाहतां शिरेंतून औषध सुरू केलें. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. चार दिवस तिला ठेवून घेतलें. तेथील तरुण डॉक्टरीणबाईनें आम्हांस बाजूस घेऊन शांतपणें सांगितलें कीं, अशा तापांत पहिला तास फार मोलाचा असतो. पुन्हां असा प्रसंग आला तर विचार करीत बसूं नका. तिनें रागावून सांगितलें असतें तर बरें वाटलें असतें. त्या चार रात्रीं आम्ही एकटे नौकेवर येत असूं. मांडवाखालची रिकामी खुर्ची पाहून मनांत येई कीं, दादा-वहिनींचें ऐकलें असतें तर? चार माणसांच्या घरांत कोणीतरी एकानें तरी "उठा, चला" म्हटलें असतें.

ही हकीकत पुण्यास कळविली. तिकडून उत्तर आलें नाहीं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत वहिनीच आल्या. त्यांचा धाकटा मुलगा अमेरिकेंत असल्यामुळें प्रवासाचा परवाना त्यांच्यापाशीं होता. वय ७४, पायांत वात, बोटींत बसण्याचा प्रसंग जन्मांत एकदां, भाऊच्या धक्क्यावरून. नऊवारी सांवरीत, म्हाताऱ्या शेजाऱ्याचा हात धरून त्या फळीवरून नौकेवर चढल्या. आंत आल्यावर त्यांनीं चोहोंकडे पाहिलें. देवांपुढची लांकडी पट्टी पाहिली, लुगडें नेसविलेली जिन्याची दांडी पाहिली, गादीखालची फळी हात लावून पाहिली. मग म्हणाल्या, "ओल नाहीं हो कुठें." त्या चार शब्दांनीं आम्हांस जें वाटलें तें कोणत्याही प्रशस्तिपत्रानें वाटलें नसतें.

वहिनी तीन आठवडे राहिल्या. सातवी फेरी दोन आठवडे पुढें ढकलून मात्रा कमी केली होती; ती व आठवी त्यांच्या देखत झाली. मळमळ होत असे तेव्हां मऊ भात व मेतकूट, सुंठ घातलेलें कोंबट पाणी, भाजलेल्या जिऱ्याचें सार, एवढ्यावर त्यांनीं तिला उभी ठेवली. मेरीलँडांतील मराठी कुटुंबांतून पाळीपाळीनें डबे येत, त्यांतील काय द्यावयाचें व काय ठेवावयाचें याचा निर्णय आतां त्यांच्याकडे गेला. आमच्या पत्नीस त्यांनीं दुखणेंकरी मात्र केलें नाहीं. उलट रोज सकाळीं तिच्यापुढें भाजीची परडी ठेवून त्या म्हणत, "तुझे हात गारठले असले तरी तोंड चालतें ना? मी चिरतें, तूं किती बारीक तें सांग." विळी पोलादाची, म्हणून ती त्यांच्याकडे राहिली एवढेंच.

एके रात्रीं पत्नी निजल्यावर आम्हीं त्यांच्यापुढें त्या पाऊण तासाची व त्या दोन वर्षांची गोष्ट काढली. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक झाली हें खरें. झाली नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पण भावजी, ती तुमच्याकडे पाहून धीर धरते आहे. तुम्ही असें तोंड घेऊन बसलांत, तर तिला तुमचीही सेवा करावी लागेल." इतक्या स्पष्ट शब्दांत आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. जातांना त्यांनीं तापमापक आमच्या हातीं दिला आणि आम्हांस शपथ घातली. ती पुढें मोडण्याचा प्रसंग आला नाहीं.

मार्चच्या मध्यास मासे धरणारा घारीच्या जातीचा एक पक्षी येथें परत येतो. त्यास ऑस्प्रे म्हणतात. येथील ऑस्प्रे हिंवाळा दक्षिण अमेरिकेंत काढतात. त्याच जातीचे पक्षी थंडींत आपल्या कोंकणच्या खाड्यांवरही उतरतात. पत्नीनें ते दाभोळास पाहिलेले होते. समोरच्या खांबावर काटक्या घेऊन आलेलें जोडपें तिनें प्रथम पाहिलें आणि आम्हांस हांक मारली. दहाव्या फेरीपासून तें शीतद्वेष्टें औषध डॉक्टरांनीं बंद केलें, कारण बोटांची बधिरता वाढत चालली होती. आतां दोनच फेऱ्या राहिल्या. मे महिन्यांत धक्का सोडून मोकळ्या उपसागरांत जावयाचें, असें तिनें ठरवून टाकलें.

तोंच २६ मार्च २०२४ ची रात्र उजाडली. दोनच्या सुमारास हेलिकॉप्टरांच्या घरघराटानें आम्हांस जाग आली. बंदराच्या तोंडाशीं १९७७ सालीं बांधलेला फ्रान्सिस स्कॉट की यांच्या नांवाचा पूल होता. कोलंबोस निघालेल्या 'डाली' नांवाच्या सुमारें हजार फूट लांब मालवाहू जहाजावरील वीज गेली, तें पुलाच्या खांबास धडकलें, आणि पूल कोसळला. जहाजावरून इशारा मिळतांच वाहतूक अडविली गेली म्हणून अनेक माणसें वाचलीं. परंतु रात्रपाळीस रस्त्याचे खड्डे बुजविणारे सहा मजूर मृत्यु पावले. ते मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास व एल साल्वाडोर या देशांतून पोटासाठीं आलेले होते. आमच्या धक्क्यावर त्या दिवशीं कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. जहाजावरील २१ जणांपैकीं २० खलाशी भारतीय होते. त्यांस जहाज सोडून जातां येईना. मोडलेल्या पुलाचें लोखंड नाळेवर घेऊन ते आठवडेंच्या आठवडे तेथेंच राहिले. पत्नी रोज त्यांची चौकशी करी. "त्यांच्या घरीं कोणाकोणाची आई वाट पाहत असेल," असें म्हणे. आम्हांसही पुलापलीकडे जाण्याचा मार्ग बंद झाला होता. परंतु त्या सहा घरांपुढें व त्या वीस घरांपुढें आमची अडचण ती काय? आम्ही बंदरांतच होतों, आणि दोघेंही होतों.

बारावी फेरी एप्रिलच्या मध्यास संपली. पंप काढला त्या दिवशीं तिनें गार पाण्याचा एक घोट भीत भीत घेतला व तो सुखानें गिळला. काकवीचा वास सगळा हिंवाळा तिला सोसवत नव्हता, मे महिन्यांत एके सकाळीं तीच म्हणाली, "गुऱ्हाळ लागलें वाटतें." २० मे रोजीं तें जहाज हलविलें गेलें, आणि १० जूनला सगळा जलमार्ग मोकळा झाला. त्यानंतरच्या पहिल्या अनुकूल वाऱ्यास आम्हीं दोर सोडले. १८१४ सालीं ज्या किल्ल्यावरील तोफांचा भडिमार पाहून अमेरिकेचें पुढचें राष्ट्रगीत लिहिलें गेलें, तो मॅक्हेन्री किल्ला उजवीकडे गेला. पुढें पुलाचे उरलेले खांब आले. तेथें तिनें हात जोडले. सुकाणू तिच्याच हातीं होतें. दोर मात्र आम्ही बांधीत होतों, कारण बोटांस अजून दोर कळत नसे. गांठ बरोबर पडली कीं नाहीं हें ती डोळ्यांनीं पाहून सांगे.

पहिल्या वर्षाची तपासणी निर्मळ निघाली. पांच वर्षें पहारा चालूच राहणार, पुढचें ईश्वराधीन. 'हें कसें केलें?' याचें उत्तर वर आलें आहे: रोज फळी पुसून, शेजाऱ्याच्या मिठावर आणि वहिनींच्या मेतकुटावर. 'कशासाठीं?' याचें उत्तर आम्हांस पूर्वी देतां येत नसे. आजारी मनुष्यास माणसें लागतात, हें दादा-वहिनींचें म्हणणें खरें ठरलें. आणि आजारी मनुष्यास त्याचें स्वतःचें असें कांहींतरी काम लागतें, हें पत्नीचेंही खरें ठरलें. या दोहोंची सांगड घालावयास वहिनींस आठ हजार मैल यावें लागलें. यंदाच्या थंडींत दक्षिणेस न जातां आम्ही पुण्यास येणार आहों. "चालत येईन," असें ती सप्टेंबरांत म्हणाली होती. दादांनीं कळविलें आहे कीं, विळीस धार लावून ठेवली आहे.